काळी ऑक्टाव्हिया आरएस : पेंट करेक्शन आणि काचेचे पॉलिश, नऊ महिन्यांनंतर

माझ्याकडे काळ्या रंगाची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ आहे. परदेशातून पूर्ण तयार होऊन आलेल्या या मॉडेलच्या केवळ २०० गाड्या २०२० मध्ये भारतात विक्रीस आल्या. त्यांपैकी ही एक मी दोन वर्षांपूर्वी पहिल्या मालकाकडून घेतली. २४५ अश्वशक्तीच्या इंजिनाबद्दल तक्रारीला जागा नव्हती. रंगाची दशा मात्र पुण्यातल्या सोसायटीत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही काळ्या गाडीसारखीच झाली होती. गाड्या पुसणारा मुलगा एकाच बादलीत दहा गाड्या उरकत असे आणि नवव्या गाडीची धूळ त्याच फडक्याने दहाव्या गाडीवर घासली जात असे. परिणामी बोनेटवर ऊन पडले की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसत, छतावर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग घट्ट बसले होते, आणि समोरच्या काचेवर रबर झिजलेल्या वायपरने नेमकी चालकाच्या नजरेसमोर एक कमान कोरून ठेवली होती.

फेब्रुवारीत गाडी चार दिवसांसाठी एका डिटेलिंग स्टुडिओत, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्यांकडे, दिली. पेंट करेक्शन (मशीनने घासून रंगावरचे ओरखडे काढणे) आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा संरक्षक थर) यांचे ३८,००० रुपये झाले, काचेच्या पॉलिशचे ६,५०० वेगळे. खर्चाचा हा आकडा ऐकून घरी जे काही बोलले गेले, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

स्टुडिओ निवडताना मी एकच कसोटी लावली होती, ती म्हणजे मशीन हातात घेण्याआधी रंगाची जाडी मोजतात की नाही. ओरखडा पॉलिशने ‘भरून’ निघतो असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा सर्वांत वरचा पारदर्शक थर, त्या ओरखड्याच्या तळापर्यंत घासून सपाट केला जातो, म्हणजे प्रत्येक करेक्शन हा त्या थरातून केलेला खर्च असतो आणि तो थर पुन्हा वाढत नाही. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. माझ्या बोनेटवर ११२ ते ११८ अशी मापे आली, परंतु उजव्या पुढच्या फेंडरवर गेजने, म्हणजे जाडी मोजणाऱ्या यंत्राने, थेट २१० दाखवले. तो भाग कधीतरी पुन्हा रंगवलेला होता, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. गाडी विकत घेण्यापूर्वी गेज का लावला नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही. बंपर प्लॅस्टिकचे असल्यामुळे त्यांवर हा गेज चालत नाही. तेथे अंदाजानेच आणि हात राखून काम करावे लागते.

आधी धुणे, मग लोहकण विरघळवणारा फवारा, जो ब्रेकच्या भुकटीवर पडताच जांभळा होऊन ओघळतो, आणि त्यानंतर रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ क्ले बार, एवढे झाल्यावर बोनेटच्या एका हातभर चौकोनात चाचणी घेतली गेली. कारागिराने आधी मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश लावून पाहिले. त्याने भागत नाही असे दिसल्यावरच तो मायक्रोफायबरच्या पॅडवर आणि कंपाउंडवर, म्हणजे जास्त कापणाऱ्या पॉलिशवर, गेला. कमीत कमी कापून काम होते का, हे आधी पाहण्याची ही सवय मला सर्वांत आश्वासक वाटली. मशीन ड्युअल अॅक्शन, म्हणजे पॅड गोल फिरवतानाच डोलवणारे, होते. रस्त्यावरच्या ‘रबिंग’वाल्यांकडे असते ते केवळ गोल फिरणारे मशीन वेगाने कापते, पण उष्णता एका जागी साठवते आणि अननुभवी हातात काळ्या रंगावर होलोग्राम, म्हणजे उन्हात चमकणारे पॉलिशचे पट्टे, उमटवते. ऑक्टाव्हियाच्या अंगावरच्या धारदार रेषांवर क्लिअर कोट मुळातच पातळ बसतो, म्हणून त्या कडांवर टेप लावली होती. दोन फेऱ्यांनंतर बोनेटचे माप तीन ते चार मायक्रॉनने उतरले होते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून गाडी उन्हात दाखवली, कारण पॉलिशमधील तेल ओरखडे तात्पुरते झाकते आणि खरा निकाल ते तेल गेल्यावरच दिसतो.

निकाल असा, की बारीक जाळे जवळजवळ संपूर्ण गेले. छतावरचे चार-पाच पाण्याचे डाग मात्र क्लिअर कोटमध्येच खोल उतरल्यामुळे तसेच ठेवले. एक्सप्रेस-वेवरच्या खड्यांनी बंपरवर आणि बोनेटच्या पुढच्या कडेवर पाडलेल्या टिचक्यांवर पॉलिशचा काहीच उपयोग नसतो, कारण तेथे घासायला रंगच उरलेला नसतो. त्या टच-अपने भरल्या आणि जवळून पाहिल्यास दिसतात.

मी गेलो होतो रंगासाठी, पण नऊ महिन्यांत रोज उपयोगी पडली ती काच. काच रंगापेक्षा कितीतरी कठीण असल्याने रंगाचे कंपाउंड तिच्यावर काम करत नाही. त्यासाठी सिरियम ऑक्साइडची भुकटी पाण्यात कालवून फेल्टच्या पॅडने घासावी लागते. काम अत्यंत संथ असते, आणि पॅड कोरडा पडून एकाच ठिकाणी उष्णता वाढली तर काच तडकण्याचा धोका असतो. समोरची काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा, त्यामुळे बेफिकिरीला वाव नाही. त्या एका कमानीवर पाच तास गेले. नखाला न लागणारे सगळे ओरखडे निघाले. नख अडकणारा सुमारे चार इंचांचा एक ओरखडा कारागिराने स्पष्ट नकार देऊन सोडला. तेवढ्याच जागी खोल घासल्यास काचेला खळगा पडतो आणि त्यातून समोरचा रस्ता भिंगातून पाहिल्यासारखा वाकडा दिसतो, असे त्याने समजावले. मी तेव्हा नाराज झालो होतो. जुलैमध्ये बोरघाटातून रात्री पावसात उतरताना समोरच्या ट्रकचे दिवे पूर्वीसारखे काचभर फुटून पसरले नाहीत, तेव्हा ती नाराजी गेली. बाजूच्या काचांवर बागेच्या फवाऱ्याने बसलेला क्षारांचा थर सौम्य आम्लाने निघाला. पॉलिशची गरज केवळ मागच्या डाव्या काचेला लागली.

कोटिंगबद्दल माझे मत एवढे अनुकूल नाही. ‘नाइन-एच’ कडकपणा सांगताना तो पेन्सिलच्या शिशाच्या मोजपट्टीवरचा आहे, हे कोणी सांगत नाही. धुळीने भरलेले फडके त्यालाही ओरखडते. पाणी मोत्यासारखे घरंगळणे मे महिन्यापर्यंत उत्तम होते, सप्टेंबरमध्ये ते छतावर जवळजवळ थांबले. कोटिंग संपले असे समजून मी अस्वस्थ झालो. क्षार काढणाऱ्या शाम्पूने एकदा धुतल्यावर बरेचसे परत आले, म्हणजे वर फक्त थर साचला होता. पक्ष्यांची विष्ठा उन्हात दोन तासांपेक्षा जास्त राहिली तर या कोटिंगवरही डाग उमटतो, हे एप्रिलमध्ये बोनेटवर पाहिले. स्टुडिओकडून आणखी एक उणीव राहिली: दारांच्या रबरांत आणि वायपरखालच्या काळ्या प्लॅस्टिकवर कंपाउंडची पांढरी पूड तशीच होती, आणि ती मीच जुन्या टूथब्रशने दोन रविवार बसून काढली. एवढे पैसे घेतल्यावर हे अपेक्षित नव्हते.

धुण्याची पद्धत बदलली नसती तर हे सगळे तीन महिन्यांत वाया गेले असते. गाडी पुसणाऱ्या मुलाचा पगार चालू ठेवून मी त्याला फक्त टायर आणि आतली सफाई सांगितली. बाहेरून मी स्वतः दर दहा दिवसांनी दोन बादल्यांनी, सावलीत धुतो, आणि धूळ कधीही कोरडी पुसत नाही. वायपरची रबरे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलली.

दसऱ्याला मात्र माझे काही चालले नाही. आईने बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि झेंडूचा हार घातला, त्या हाराला आतून तार होती. शाम्पूने कुंकू गेले. तारेने लोगोखाली दोन बोटांएवढी रेघ ओढली आहे. आता मागे वळून पाहता, कोटिंगचे पैसे वाचवून बंपर आणि बोनेटच्या पुढच्या भागावर पीपीएफची, म्हणजे रंगाचे रक्षण करणारी पारदर्शक, फिल्म लावली असती, तर खडे आणि हार या दोहोंचा बंदोबस्त झाला असता. ज्यांची गाडी अजून नवी आहे त्यांनी हा हिशेब आधी करावा; फिल्म लावायची तर करेक्शन तिच्याआधीच करावे लागते.

येत्या फेब्रुवारीत कोटिंगच्या वॉरंटीच्या अटीप्रमाणे वार्षिक तपासणी आहे. ती रेघ तेव्हा हातानेच, बारीक पॉलिशने काढून द्यावी आणि गेजचा आकडा मला दाखवल्याखेरीज बोनेटवर मशीन लावू नये, असे मी स्टुडिओला आत्ताच लिहून कळवले आहे.