काचबिंदू असताना चहा बरा की कॉफी?

काचबिंदूचं निदान झालं की घरात पहिला प्रश्न हाच: आता चहा चालेल, की कॉफी, की दोन्ही बंद?

काचबिंदूत सांभाळायचा असतो तो डोळ्यातला दाब. एरवी तो साधारण १० ते २१ मिमी पारा असतो. निरोगी डोळ्यात कॅफिनने तो फारसा हलत नाही. काचबिंदू असेल तर मात्र एक-दोन मिमी चढू शकतो आणि तास-दीड तास तसाच राहू शकतो.

कॅफिन: कपभर कडक कॉफीत ८० ते १०० मिलिग्रॅम, चहात साधारण निम्मं. कटिंगमध्ये आणखी कमी. पण दिवसाला सहा कटिंग रिचवणाऱ्याने ‘आपण कॉफीला शिवत नाही’ म्हणून कॉलर ताठ करू नये. बेरीज तिथेच जाते. ग्रीन टीच्या जाहिराती सोडा, कॅफिन त्यातही असतंच.

प्रमाण: मोठा मग घटाघटा संपवला तर नुसत्या पाण्यानेही दाब वाढतो. इथे कटिंगची सरशी.

सोडायला: कॉफी एकदम तोडली की डोकं धरतं. चहाचंही तेच, जरा कमी.

काचबिंदू नसेल तर आवडेल ते प्या. काचबिंदू असेल तर चहाच बरा, थोडा आणि सावकाश. कॉफी सुटतच नसेल तर एक छोटा कप, पण दाब तपासायला जाण्याआधी नको. डोळ्यात घालायचे औषधाचे थेंब मात्र काचबिंदू असलेल्या चहावाल्यांनी आणि कॉफीवाल्यांनी, दोघांनीही चुकवायचे नाहीत.