जोडचाकांसाठी बर्फाच्या साखळ्या: कॅमवाल्याच घ्या

ट्रकच्या मागच्या जोडचाकांवर एकत्र बसणारी कॅमवाली (चावीने फिरवून आवळायचे खटके असलेली) साखळी उचलायला जड आहे, पण घट्ट बसते आणि पैसे तिथंच वसूल होतात. साध्या साखळीत सगळा ताण रबरी पट्टीवर. कडाक्याच्या थंडीत रबर ताठरतं, आकडा निसटतो आणि मोकळं टोक मडगार्डसकट ब्रेकच्या हवेचा पाइपही फोडतं.

चढ लागण्याआधी, सपाटीवर, हँडब्रेक लावूनच बसवा. आकड्यांची तोंडं टायरपासून बाहेर. आत वळली तर टायरची बाजू कापतात. कॅम बाहेरच्या अंगाला. आधी आतली कडी, मग मधली, शेवटी बाहेरची, आणि मग चावीने कॅम आवळा. थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा आवळायचंच. थंडीत खाली उतरायचा कंटाळा येतो, पण साखळी तुटते ती बहुतेक ढिलाईनेच. वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत.

खोट एकच: रस्त्यावरच्या मिठाने कॅम गंजून जाम होतात. काढल्यावर साध्या पाण्याने धुवा, वाळवा, ऑइल लावा. कोरड्या डांबरावर चालवल्यास आडव्या कड्या भराभर झिजतात. दोन-चार सुट्या कड्या आणि पक्कड जवळ असू द्या.