वाळवलेल्या सफरचंदाचे चूर्ण : पाकिटावरचे दावे आणि चमच्यातली मात्रा

सालीसकट वाळवून दळलेले सफरचंदाचे चूर्ण हल्ली पारंपरिक वनौषधी म्हणून विकले जाते. अशाच एका चूर्णाचे पाकीट मी काही आठवडे वापरून पाहिले. त्यावर पचन सुधारते, जुलाब आणि बद्धकोष्ठता या दोहोंवर गुण येतो, हृदयाला बळ मिळते आणि रक्तातील साखर ताब्यात राहते, असे दावे छापलेले असून आधार म्हणून ‘प्राचीन ग्रंथ’ एवढाच मोघम उल्लेख आहे. मात्रा दिली आहे ती एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, दिवसातून दोनदा कोमट पाण्यातून.

चूर्ण म्हणून माल चांगला आहे. रंग फिकट तपकिरी असून सालीचे लालसर कण डोळ्यांना दिसतात. साखर किंवा कृत्रिम वास घातल्याचे जाणवत नाही. चव आधी गोड आणि मागाहून आंबट लागते. हा आंबटपणा मॅलिक आम्लाचा, जे कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये सफरचंदाच्या रसातूनच वेगळे केले होते. पाण्यात टाकताच मात्र ढवळत राहावे लागते, नाहीतर गुठळ्या होतात आणि तळाशी चिकट थर बसतो.

तो चिकटपणा पेक्टिनचा, म्हणजे फळातल्या पाण्यात विरघळणाऱ्या तंतूचा, आणि पोटासंबंधीच्या दाव्यात जे काही तथ्य आहे ते मुख्यतः त्यातच आहे. पेक्टिन पाणी शोषून मऊ लगद्यासारखे होते, त्यामुळे पातळ मलाला बांधणी येते. सालीतला न विरघळणारा तंतू मलाचे आकारमान वाढवतो. म्हणूनच एकाच फळाची शिफारस दोन परस्परविरोधी तक्रारींवर होणे वाटते तितके विसंगत नाही. लोकवैद्यकातला किसलेल्या सफरचंदाचा उपाय ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९२९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडला, तेव्हा त्यांनी जुलाब होणाऱ्या मुलांना दोन दिवस केवळ किसलेल्या कच्च्या सफरचंदावर ठेवण्याची पद्धत सांगितली होती. उपाय होता तो पोटभर फळाचा, चमचाभर पुडीचा नव्हे. (जुलाबात शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढणे हाच आज पहिला उपचार आहे, हे पाकिटावर छापायला हवे होते.)

इथेच माझा मुख्य आक्षेप येतो. ताज्या सफरचंदात सुमारे ८६ टक्के पाणी असते. त्या हिशेबाने रोजच्या १० ग्रॅम चूर्णामागे साधारण ७० ग्रॅम ताजे फळ, म्हणजे मध्यम आकाराच्या एका फळाच्या निम्म्याहूनही कमी भाग येतो. त्यातून तंतू मिळतो जेमतेम पावणेदोन ग्रॅम. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये रक्तातील कोलेस्टेरॉलसंबंधीचा पेक्टिनचा दावा ग्राह्य धरला, तो दिवसाला किमान ६ ग्रॅम पेक्टिन पोटात जात असेल या अटीवर. सांगितलेल्या मात्रेत ते त्याच्या जवळपासही पोहोचत नाही, त्यामुळे हृदयाला बळ देण्याचा दावा या पाकिटापुरता तरी पोकळ ठरतो.

साखरेच्या दाव्यामागे बहुधा फ्लोरिझिन हा घटक असावा. १८३५ मध्ये तो सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून वेगळा करण्यात आला; त्याने मूत्रावाटे साखर बाहेर पडते हे पुढे दिसून आले आणि त्याच धाग्यावरून डॅपाग्लिफ्लोझिनसारखी आजची मधुमेहावरची औषधे तयार झाली. परंतु फळात तो अल्प असतो आणि आतड्यातून नीट शोषला जात नाही. उलट या चूर्णाच्या रोजच्या मात्रेतून सुमारे सात ग्रॅम साखर पोटात जाते. मधुमेही व्यक्तीने या ओळीवर विसंबून चालू औषध कमी केले, तर ते थेट धोक्याचे आहे.

‘प्राचीन ग्रंथ’ हा उल्लेखही अर्धवट आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘सेव’ या फळाला वातपित्तशामक, पुष्टिकारक, शीत आणि रुची वाढवणारे म्हटले आहे, पण त्याच वर्णनात ते पचायला जड आणि कफ वाढवणारे असल्याचेही सांगितले आहे. पाकिटाने स्तुती तेवढी उचलली आणि पथ्य गाळले. फळातील फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल या गोड घटकांमुळे काहींचे पोट फुगते, या आजच्या अनुभवाशी तो जडपणाचा इशारा बराच जुळतो. रिकाम्या पोटी घेतल्यावर मलाही थोडे जड वाटले, जेवणानंतर घेतल्यावर तसे झाले नाही.

औषध म्हणून हे चूर्ण घ्यावे असे मला वाटत नाही. लापशीत किंवा दह्यात मिसळायला मात्र ते छान आहे, आणि दातांनी फळ चावता न येणाऱ्या वृद्धांना त्याची सोय होईल; वाळवताना क जीवनसत्त्व बरेचसे जाते, एवढे त्यांनी ध्यानात ठेवावे. फळ ज्यांना परवडते आणि चावता येते, त्यांनी सालीसकट फळच खावे. पाकिटाची पट्टी एकदा उघडल्यावर घट्ट बसत नाही आणि चूर्ण हवेतली ओल लगेच ओढून घेते, तेव्हा आणल्या आणल्या ते झाकणाच्या कोरड्या बरणीत काढून ठेवावे.