कॅरॅव्हॅनमध्ये राहून नोकरी: मेलबर्न ते ऑल्बनी, ११ महिन्यांनंतर

मार्च २०२५ मध्ये मेलबर्नचं भाड्याचं घर सोडलं, सामान मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये टाकलं आणि २० फुटी सेकंडहँड कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) गाडीला जोडून निघालो. आता ११ महिने होत आले. सध्या मुक्काम ऑल्बनी, म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं खालचं टोक. ओळखीतले खूप जण विचारत असतात, परवडतं का, नोकरी कशी जमते, स्वयंपाकाचं काय करता, म्हणून एकदाच सगळं बसून लिहितेय. आम्ही दोघंच आहोत, मुलं नाहीत, मी नर्स आणि नवरा सॉफ्टवेअरमध्ये, त्याचं ऑफिस मेलबर्नला पण काम पूर्ण रिमोट. हे आधीच सांगितलं कारण आमचं निम्मं गणित यावरच जमलंय. नर्सिंगचं रजिस्ट्रेशन इथे देशभर एकच चालतं, त्यामुळे राज्य बदललं तरी परत कागदपत्रांचा घोळ नाही, आणि लहान गावांच्या हॉस्पिटलांना सहा-आठ आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर माणसं कायम हवी असतात.

सगळ्यात आधी वजन. कुणीही व्हॅन बघायला गेलं की किचन बघतं, बेड बघतं, आम्हीही तेच केलं. खरं बघायचं ते दाराजवळची छोटी पत्र्याची प्लेट. आमची रिकामी व्हॅन २३५० किलो आणि सामानासकट जास्तीत जास्त २९००, म्हणजे हातात ५५० किलो. वाटलं, एवढं सामान आहे कुठे आपल्याकडे! पण टाक्यांतलं पाणीच १९० लिटर म्हणजे १९० किलो, दोन गॅस सिलिंडर, जास्तीच्या बॅटऱ्या, खुर्च्या, हत्यारांची पेटी, मग किराणा. ॲडलेडला वजनकाट्यावर घातली तर २९७०. सत्तर किलो जास्त, आणि अशा अवस्थेत अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. त्या संध्याकाळी कॅरॅव्हॅन पार्कच्या गवतावर सगळं मांडून बसलो. २० किलोचं तांदळाचं पोतं, १० किलो कणीक, तीन कढया, दोन लोखंडी तवे, पुस्तकांचे दोन खोके आणि आईने दिलेला लोखंडी खलबत्ता. नवरा काही बोलला नाही, मीच तो खलबत्ता उचलून 'देऊन टाकायचं' मधे ठेवला आणि झोपायच्या आधी परत आत आणला. त्याऐवजी आता प्रवासात एकच टाकी भरतो, म्हणजे ९५ किलो तिथेच कमी. खलबत्ता चाकांच्या बरोबर वर, खालच्या कपाटात असतो. जड वस्तू नेहमी तिथेच, मागच्या टोकाला अजिबात नाही. मागे वजन झालं की व्हॅन शेपटीसारखी डोलायला लागते आणि ते डोलणं गाडीलाही सोबत ओढतं, एकदा अनुभवलंय, पुन्हा नको.

वीज पाण्याचं थोडक्यात: २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि छपरावर ४०० वॉटचे सोलर पॅनल. फ्रीज, दिवे, पंप, दोन लॅपटॉप, सॅटेलाइट इंटरनेटची डिश एवढं उन्हाळ्यात आरामात निघतं, पण जून-जुलैत दक्षिण किनाऱ्यावर तीन दिवस सलग ढग असले की दुपारी दोनलाच बॅटरी बघत बसावं लागतं. मिक्सर इन्व्हर्टरवर चालतो, चटणीपुरता. एसी बॅटरीवर विसरा, त्याला पार्कचा पॉवरवाला साइटच हवा. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, दोघांना तीन दिवस पुरते, मग ती रिकामी करायला डम्प पॉइंट शोधा. याची किळस पहिल्या आठवड्यात जाते.

एक गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती, ती म्हणजे हिवाळ्यातली वाफ. दोन माणसं रात्रभर बंद व्हॅनमध्ये झोपली की सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं. पोर्ट लिंकनला एकदा गादी उचलून बघितली तर खाली प्लायवर काळे ठिपके, बुरशी! तेव्हापासून गादीखाली हवा खेळती राहील अशी जाळी घातलीय, छताची हॅच बोटभर उघडी ठेवतो कितीही थंडी असली तरी, आणि कुकर-फोडणी सगळं बाहेर ऑनिंगखाली, म्हणजे व्हॅनला लावलेल्या कापडी छताखाली. फोडणीचा वास पडद्यांत आठ आठ दिवस राहतो, त्यामुळे तसंही बाहेरच बरं.

आता प्रवास. एप्रिलच्या शेवटी यॉर्क पेनिन्सुलाला एडिथबर्गला गेलो होतो. तिथली जेटी डायव्हिंगसाठी प्रसिद्ध, पानांसारखे दिसणारे सी ड्रॅगन असतात पाण्यात. पण त्याच वर्षी मार्चपासून साउथ ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात विषारी शेवाळाचा मोठा प्रकोप सुरू झाला होता, कारेनिया नावाचं सूक्ष्म शेवाळ, समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा गरम राहिल्याने ते फोफावलं असं शास्त्रज्ञ सांगत होते. किनाऱ्यावर मेलेले मासे, स्टिंग रे, पिवळट फेस, थोडं चाललं तरी घसा खवखवायला लागला. शेजारच्या साइटवरचे एक आजोबा वीस वर्षं दरवर्षी मासेमारीला तिथे येतात, ते गळ बाहेरच न काढता नुसते खुर्चीत बसून होते. आम्ही चार दिवसांचं बुकिंग दोनच दिवसांत सोडलं. किनारा म्हणजे नुसते फोटो नाहीत हे तिथे जवळून बघितलं, अजून मनातून जात नाही.

मे-जूनमध्ये मी आयर पेनिन्सुलावरच्या एका छोट्या गावात काम केलं. रात्री दोन नर्स, डॉक्टर व्हिडिओवर, आणि पेशंट जास्त आजारी असला की फ्लाइंग डॉक्टरचं विमान. मेलबर्नच्या मोठ्या हॉस्पिटलात दहा वर्षांत जेवढं शिकले नाही तेवढं तिथे सात आठवड्यांत शिकले, हे मनापासून सांगते. ज्यांना कामाचा कंटाळा आलाय त्यांनी एक तरी असं कॉन्ट्रॅक्ट घ्यावं.

मग जुलैत नलरबोर, म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात जाताना लागणारं ओसाड मैदान. सेड्यूना ते नॉर्समन जवळपास १२०० किलोमीटर, मध्ये फक्त रोडहाउस (पेट्रोलपंप आणि खाण्या-राहण्याची जागा). व्हॅनला पाणी सेड्यूनातच भरून घ्या, पुढे मिळेल असं गृहीत धरू नका. इथेच माझी कढीपत्त्याची कुंडी गेली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर क्वारंटाइन चौकी आहे, फळं, भाज्या, मध, झाडं काही आत नेऊ देत नाहीत, शेतीला रोग-कीड लागू नये म्हणून, आणि कढीपत्ता तर लिंबाच्याच कुळातला. चार वर्षं वाढवलेलं झाड, मेलबर्नच्या बाल्कनीतलं. चौकीवर जाऊन कचऱ्यात टाकायला लागण्यापेक्षा सेड्यूनाच्या पार्कमध्ये केरळच्या एका कुटुंबाला देऊन टाकलं, त्यांचा मुक्काम तिथेच होता. जाताना शेवटची मूठभर पानं तोडून घेतली आणि त्या रात्री उरलेले सगळे बटाटे, कांदे, गाजरं यांची भाजी करून संपवलं. चौकीवरच्या बाईंनी फ्रीज, कपाटं, बेडखालची जागा सगळं उघडून बघितलं, नीट, सभ्यपणे, पाच मिनिटांत.

हेड ऑफ बाइटला सदर्न राइट व्हेल बघायला विसरू नका, कड्यावरून खाली पिल्लासकट आया दिसतात, जुलै-ऑगस्ट चांगला काळ. कायगूना ते बॅलाडोनिया १४६.६ किलोमीटर एक वळण नाही. समोरून रोड ट्रेन येतात, एकामागे एक ट्रेलर जोडलेले लांबलचक ट्रक, त्या शेजारून गेल्या की हवेचा फटका बसतो, स्टीअरिंग घट्ट पण सरळ धरायचं, ब्रेक मारायचा नाही. यूएचएफ रेडिओ चॅनल ४० वर ठेवा, ट्रकवाले फार छान बोलतात, "या आता पुढे, रस्ता मोकळा आहे" असं सांगतात. संध्याकाळी चारनंतर आम्ही गाडी हाकलत नाही, कांगारू.

डिझेल: व्हॅनशिवाय आमची गाडी शंभर किलोमीटरला १० लिटर घेते, व्हॅनसकट १७, आणि समोरून वारा असला की २२ सुद्धा पाहिलेत. ताशी ९० च्या वर जाऊ नका, काही फायदा नाही.

एस्परन्सला ऑगस्ट. गणपती तिथेच बसवला, २७ तारखेला. हस्तकलेच्या दुकानातून माती आणून वीतभर मूर्ती केली, ओला नारळ मिळाला नाही म्हणून डेसिकेटेड खोबरं दुधात भिजवून मोदकाचं सारण केलं, ठीक झालं. शेजारच्या व्हॅनमधलं सत्तरीचं जोडपं आरतीला आलं, आजींनी टाळ्यांचा ताल बरोबर धरला. विसर्जन बादलीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काम. एका कॉन्ट्रॅक्टसाठी ऑक्टोबर ते डिसेंबर आम्ही जेराल्डटनच्या आसपास होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची घड्याळं पुढे गेली की तिकडचं आणि इकडचं अंतर तीन तास होतं, म्हणजे नवऱ्याची नऊची मीटिंग आमच्याकडे सकाळी सहाला. माझी नाइट ड्युटी. मी साडेसातला येणार, झोपायला पडणार, आणि माझ्या पलंगापासून सहा फुटांवर तो मीटिंगमध्ये बोलतोय. पहिले दोन आठवडे आम्ही एकमेकांशी नीट बोललोच नाही. मी एकदा औषधाची नोंद करताना डोळे मिटत होते तेव्हा ठरवलं की हे असं चालणार नाही, माझ्या कामात झोप न होणं म्हणजे पेशंटला धोका. मग ऑनिंगला जोडायचा तंबू घेतला, त्यात त्याचं टेबल. सगळ्या खिडक्यांना चंदेरी इन्सुलेशनचे तुकडे मापाने कापून लावले, आत दिवसा मिट्ट काळोख. छपरावरचा एसी घरघर करतो, त्या आवाजात बाकीचे आवाज बुडतात. बाहेर ३९ डिग्री, आत २५, आठ तास झोप. दुपारी दीड-दोनला दक्षिणेकडून वारा सुटायचा, एवढा की तिकडे ग्रीनोला झाडं अक्षरशः आडवी वाढलीत, जमिनीला टेकलेली. तंबू फडफडायला लागायचा पण तोपर्यंत त्याचं ऑफिस संपलेलं असायचं. हे गणित जमल्यावर उरलेले दोन महिने सगळ्यात सुखाचे गेले.

यातून आमचा नियम पक्का झाला की कामाच्या दिवसांत व्हॅन हलवायची नाही. पहिले दोन महिने आम्ही दर तीन-चार दिवसांनी जागा बदलत होतो. एकदा हलवायची म्हणजे आवरायला दोन तास, ऑनिंग, पाण्याचा पाइप, वायर, गॅस बंद, मग प्रवास, मग परत सगळं उभं करा, इंटरनेट बघा. आठवड्याला दोन दिवस त्यातच. आता एका जागी कमीत कमी सहा आठवडे. पार्कवाले आठवड्याच्या भाड्यात सूट देतात, आम्हाला साधारण ३०० ते ४०० डॉलर आठवड्याला पडतात, शाळांच्या सुट्ट्यांत मात्र तेच पार्क दुपटीच्या जवळ जातात आणि बुकिंगही मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीसाठी सहा महिने आधी फोन करा.

परवडतं का? मेलबर्नला भाडं महिन्याला २३०० डॉलर जात होतं. आता साइट आणि डिझेल मिळून सरासरी तेवढेच जातात, नलरबोरच्या महिन्यात त्याहून जास्त. शिवाय व्हॅनचे ४८ हजार वेगळे. बचत व्हावी म्हणून निघणार असाल तर निघू नका.

तक्रार एकच पण मोठी. पुढच्या खिडकीच्या सीलमधून पहिल्याच जोराच्या पावसात पाणी आलं. डीलरने विकताना "सगळं तपासलंय" म्हणून सांगितलं होतं, नंतर फोन केला तर म्हणे मेलबर्नला घेऊन या. तोवर आम्ही हजार किलोमीटर पुढे. शेवटी स्वतः खर्च केला, ६२० डॉलर. सेकंडहँड घेताना ओलावा मोजायचं यंत्र घेऊन येणारा स्वतंत्र तपासणीवाला आणाच. आणि समुद्राची खारी हवा! दर पंधरा दिवसांनी खालची चेसिस गोड्या पाण्याने धुतो, गंज रोखणारा लॅनोलिनचा स्प्रे मारतो, तरी पायरीचे स्क्रू गंजलेच. व्हीलबेअरिंगचं ग्रीस वेळेवर, यात हयगय नको.

एकटेपण येतं. सणावाराला येतं, आईचा फोन येऊन गेला की जास्त येतं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं घड्याळ भारताच्या अडीच तासच पुढे असतं, त्यामुळे आईशी बोलणं उलट मेलबर्नपेक्षा सोपं झालंय, ती दुपारची झोपून उठते तेव्हा मी चहा करत असते.

ऑल्बनीचं काम एप्रिलमध्ये संपतंय, मग एक्समाउथ, व्हेल शार्कच्या मोसमात. तिथलं नॅशनल पार्कमधलं बुकिंग उघडलं त्याच सकाळी केलं. पर्थला जाताना एका इंडियन दुकानाच्या दारात कढीपत्त्याची रोपं होती, एक घेतलं. आता वीतभर झालंय, तीन नवीन फांद्या. प्रवासात कुंडी सिंकमध्ये ठेवते, बरोबर मावते, आणि वजन भरलं दीड किलो.