जुने गोवे वॉकिंग टूर : उशीर झाला पण पैसे वसूल

मागच्या रविवारी आईला आणि मावशीला घेऊन ही टूर केली. आधी तक्रार, वेळ साडेआठची दिली होती, गाईड आला नऊ वाजून दहाला आणि तोवर आम्ही बॉम जेझूस चर्चच्या समोर उन्हात उभे, फोन केला की "पाच मिनिटं हां", त्यात ग्रुप वीसेक जणांचा, मागच्याला काही ऐकू येत नाही. त्याचा एक स्टार कापला.

पण पोरगा बोलायला लागला ना की राग गेला. बाकीचे गाईड झेवियरचं शव दाखवून मोकळे होतात, याने खरा वेळ दिला तो सेंट कॅजेटनच्या चर्चला. गोव्यात कायतान नावाची माणसं पावलोपावली भेटतात, पण ते नाव कुणावरून आलं हे मला तरी आजवर माहीत नव्हतं. तर हा कॅजेटन म्हणजेच आपला कायतान, इटलीतल्या व्हिचेंझाचा, चांगला कायदा शिकलेला, पोपच्या दरबारात नोकरी, ती सोडून पाद्री झाला आणि १५२४ साली तिघांना बरोबर घेऊन रोममध्ये सेंट पीटर्स चर्चमध्ये थिएटिन नावाचा पाद्र्यांचा संघ काढला. नियम काय तर ठरलेलं उत्पन्न नाही आणि भीकही मागायची नाही, देव देईल ते खायचं. मावशी लगेच "मग जेवायचे काय रे?" १५२७ साली सैन्याने रोम लुटलं तेव्हा सैनिकांनी याचे पैशासाठी हाल केले, याच्याकडे असणार काय, शेवटी सगळे व्हेनिसला गेले.

पुढे त्याच संघाचे इटालियन पाद्री गोवळकोंड्याला निघाले, तिथे जमलं नाही म्हणून गोव्यात राहिले आणि हे चर्च बांधलं, तेही सेंट पीटर्सच्या धर्तीवर. गंमत म्हणजे चर्च आधीचं आणि कायतानला संतपद मिळालं १६७१ला. घुमटाच्या बरोब्बर खाली चौकोनी ओटा आहे, त्याच्याखाली विहीर. आई त्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होती, दगड गार लागतो म्हणाली.

आणि हा कायतान म्हणजे बेकारांचा संत, अर्जेंटिनात ७ ऑगस्टला नोकरी मागायला लोक रांगा लावतात म्हणे. हे ऐकल्यावर मावशी जी थांबली ती हलेना, तिचा धाकटा तीन वर्षं सरकारी नोकरीच्या परीक्षा देतोय, म्हापशाच्या बोडगेश्वराला सांगून झालंय, आता इथे मेणबत्ती. ग्रुप आदिलशहाच्या वाड्याच्या दरवाजापाशी पोचला तरी आम्ही मागेच.

पाणी आपलं आपण न्या, त्यांची बाटली मिळत नाही.