वुदरिंग हाइट्स: १९३९ चा बघायचा की १९९२ चा?

एमिली ब्राँटेचं ‘वुदरिंग हाइट्स’ पुस्तक वाचलंय, निदान गोष्ट तरी माहितीये, आणि आता एकच सिनेमा बघायचाय, तर कुठला? मी दोन्ही दोन-तीनदा पाहिलेत म्हणून सांगतो.

१९३९ चा विल्यम वायलरचा, लॉरेन्स ऑलिव्हिए आणि मर्ल ओबेरॉनचा. ब्लॅक अँड व्हाइट आहे पण ग्रेग टोलंडचा कॅमेरा असा की ऑस्कर का मिळालं ते बघता बघताच कळतं. यॉर्कशायरचा माळ म्हणून जो दिसतो तो खरंतर कॅलिफोर्नियातला, पण बघताना त्यानं काही बिघडत नाही. नायिका कॅथीची शेवटची घटका आलीये आणि लहानपणापासून तिच्यावर जीव टाकणारा हीथक्लिफ तिला उचलून खिडकीशी नेतो, लहानपणी खेळायचे तो कडा दाखवायला, तिथे माझा दर वेळी गळा दाटून येतो. (मर्ल ओबेरॉन मूळची मुंबईत जन्मलेली आणि हे तिनं लपवून ठेवलं, टास्मानियाची म्हणून सांगत राहिली. हे कळल्यापासून तिला बघताना जीव तुटतो.)

पण कॅथी गेली की सिनेमा आवरतोच! पुस्तकात ३४ प्रकरणं आहेत आणि ती जाते १६ व्या प्रकरणात. म्हणजे पुढची अर्धी गोष्ट, दोघांची पुढची पिढी, गायबच. आणि मला खटकलं ते नेमकं हेच. हीथक्लिफ सूड घेतो तो लहान मुलांवर. हेअरटनला, म्हणजे कॅथीच्या भावाच्या मुलाला, तो मुद्दाम शाळेचं तोंड दाखवत नाही, स्वतःला जसं गुरासारखं वागवलं तसंच त्या पोराला वाढवतो. हे सगळं काढून टाकलं की उरतो फक्त प्रेमात होरपळलेला देखणा माणूस, आणि आपण त्याला माफ करून मोकळे होतो. पुस्तक एवढ्या सहज माफ करू देत नाही ना.

१९९२ चा पीटर कॉस्मिन्स्कीचा आहे, रेफ फाइन्स आणि ज्युलिएट बिनोश. गंमत म्हणजे लांबी जवळपास तेवढीच, पावणेदोन तास, आणि त्यात पूर्ण पुस्तक बसवलंय, त्यामुळे घाई होते हे कबूल. बिनोश आई आणि मुलगी दोन्ही झालीये, आणि मुलीच्या भूमिकेत तो सोनेरी केसांचा विग मला शेवटपर्यंत पचला नाही, तिच्या बोलण्यातलं फ्रेंच वळणही मधेच डोकावतं. कुणाला हे जास्त खटकेल, शक्य आहे. पण फाइन्सचा हीथक्लिफ उत्तरार्धात त्या पोरांकडे ज्या थंड डोळ्यांनी बघतो ना, ते बघून अंगावर काटा येतो आणि तरी त्याची कीवही येते, आणि माझ्या मते एमिली ब्राँटेनं १८४७ मध्ये हाच माणूस लिहिला होता. वर रियुइची साकामोटोचं संगीत, ते दोन दिवस डोक्यात राहिलं माझ्या.

घरच्यांसोबत बसून जुना, नितळ सिनेमा बघायचा मूड असेल तर ३९ चा लावा, वाईट अजिबात वाटणार नाही. एकटे बघणार असाल तर मी ९२ चाच म्हणेन. आणि ३९ चाच बघितलात तर तो संपल्यावर पुस्तकाचं १७ वं प्रकरण काढा, त्याच्या शेवटाकडे हीथक्लिफ छोट्या हेअरटनला उचलून म्हणतो की ज्या वाऱ्यानं एक झाड वाकडं केलं त्याच वाऱ्यात हे दुसरंही वाकडं वाढतं का ते बघूच.