नवा लॅपटॉप, डेबियन आणि मराठी तांत्रिक लेखन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

तांत्रिक विषयांवर मराठीत नियमित लिहावे आणि ते लेखन स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावे, या हेतूने घेतलेला चौदा इंची लॅपटॉप आता काही महिने रोजच्या वापरात आहे. त्याचे मॉडेल सांगण्यात फारसा अर्थ नाही, कारण या वर्गातील बहुतेक यंत्रांचा साचा सारखाच झाला आहे: १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई डिस्क, १९२० बाय १२०० पिक्सेलचा पडदा आणि यूएसबी-सी चार्जर. खरेदीच्या वेळी सर्वाधिक चर्चा प्रोसेसरची होते. प्रत्यक्षात लेखनाच्या कामात त्याच्या वेगाची आठवणही होत नाही. रोज जाणवतात त्या गोष्टी वेगळ्याच: पडद्याची उंची, कीबोर्ड आणि झाकण मिटल्यावर यंत्र नेमके काय करते.

पडद्याबद्दल थोडक्यात. १६:१० प्रमाणामुळे नेहमीच्या फुल एचडीपेक्षा उभ्या दिशेने १२० पिक्सेल जास्त मिळतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांसाठी दोन ओळींत अधिक अंतर द्यावे लागते, त्यामुळे ही वाढीव उंची मराठी लिहिणाऱ्याच्या विशेष उपयोगी पडते.

यंत्र हाती आल्यावर आधीपासून असलेल्या विंडोजमध्येच पडदा, कळा, कॅमेरा आणि सर्व पोर्ट तपासून घेतले. यंत्र बदलून घेण्याची मुदत चालू असताना हे करणे केव्हाही बरे. विंडोज ठेवून शेजारी दुसरी प्रणाली बसवायची असेल, तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाची, ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. फर्मवेअरच्या (यंत्राच्या भागांत बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सेटिंग्जना हात लावल्यावर ती मागितली जाण्याची दाट शक्यता असते. मी मात्र संपूर्ण डिस्क डेबियन १३ या लिनक्स प्रणालीला दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ही आवृत्ती निवडण्यामागे एकच विचार होता: ज्या यंत्रावर लिहायचे, त्याने दर सहा महिन्यांनी रूप बदलू नये. वाय-फायसाठी लागणारे फर्मवेअर शोधत बसण्याची जुनी कटकट डेबियन १२ पासून संपली आहे, कारण ते आता इन्स्टॉलरबरोबरच येते. संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारे सांकेतिक रूप, इन्स्टॉल करतानाच निवडले, कारण ते नंतर करणे फार जिकिरीचे असते.

खरा वेळ गेला तो मराठीची घडी बसवण्यात. टंकलेखनासाठी मी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक वापरतो. स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, ही त्याची मांडणी एकदा बोटांत बसली की रोमन स्पेलिंगचा विचार मनातून पूर्णपणे जातो. ‘दुसऱ्या’ हा शब्द घेऊ: ओ, जी, एम, मग शिफ्टसह जे, मग डी, तिरपी रेघ आणि शेवटी ई. यात शिफ्टसह जे दाबल्यावर मिळणारा ‘ऱ’ महत्त्वाचा, कारण त्याशिवाय ‘दुसर्या’ असे काहीतरी उमटते आणि उच्चारानुसार टंकणाऱ्यांच्या लेखनात ते सर्रास दिसते. इंग्रजी आणि मराठी यांत ये-जा करण्यासाठी सुपर आणि स्पेस या दोन कळा पुरतात. तांत्रिक लेखनात दर वाक्याला भाषा बदलावी लागते, हे लक्षात घेता ही सोय मला प्रोसेसरच्या चार जादा कोअरपेक्षा मोलाची वाटते.

दुसरा प्रश्न ‘ॲ’चा. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना संकेत देणाऱ्या प्रमाणकात, २००८ साली आले. त्याआधीची आणि आजही अनेक साधनांतून येणारी पद्धत म्हणजे ‘अ’ला चंद्र जोडणे. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे संकेतक्रम आहेत. परिणामी एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲप’ हा शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर साधा शोध तो नाही म्हणून सांगतो. यावर उपाय म्हणून लेख प्रकाशित होण्यापूर्वी सर्व जोडअक्षरी ‘ॲ’ एकाच संकेतात बदलणारी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवली आहे. संपूर्ण मांडणीत सर्वांत कमी कष्टांत सर्वांत जास्त फायदा देणारी गोष्ट हीच असावी.

टर्मिनलबद्दल, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीबद्दल, मात्र अपेक्षा मर्यादित ठेवलेली बरी. अनेक टर्मिनलांमध्ये प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन मिळतो, त्यात जोडाक्षरे तुटतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते. म्हणून लेखन ग्राफिकल संपादकात आणि टर्मिनल केवळ आज्ञांसाठी, अशी विभागणी केली. फाइलचे नाव देवनागरीत असेल, तर गिट या फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात स्थिती पाहताना नावाऐवजी तिरप्या रेघा आणि आकडे यांची माळ दिसते. एका ‘ल’च्या जागी ३४०, २४४, २६२ असे तीन आकडे येतात. कोटपाथ ही सेटिंग बंद केल्यावर नावे सरळ दिसू लागतात, तरीही फाइलींची आणि पानांच्या पत्त्यांची नावे मी रोमनमध्येच ठेवतो. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा असतो आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिली जाते. म्हणजे नुसत्या ‘लॅपटॉप’ या शब्दाची, त्याच्या सहा संकेतांमुळे, ५४ चिन्हे होतात. असा पत्ता कोणाला पाठवला की तो संदेश कमी आणि बिघाड जास्त वाटतो.

संकेतस्थळासाठी ह्यूगो वापरतो. लेख मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांच्या मजकुरात, लिहायचा, ह्यूगो त्याची तयार पाने बनवतो आणि ती पाने तशीच सर्व्हरवर जातात. ना डेटाबेस, ना लॉगिनचे पान, त्यामुळे सांभाळावे लागणारे फारसे काही उरत नाही. एकट्याने लिहिणाऱ्याला वर्डप्रेसचा पसारा कशाला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक लेखक असतील किंवा लिहिणाऱ्याला फाइली हाताळायच्याच नसतील, तर गोष्ट निराळी. ह्यूगोच्या तयार थीम बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात, म्हणून ओळींतील अंतर वाढवावे लागले आणि पानाची भाषा मराठी असल्याचे नोंदवावे लागले. ही नोंद केवळ शिष्टाचाराची नाही: ज्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे स्वतंत्रपणे दिलेली असतात, त्यात ब्राउझर ती वळणे या नोंदीवरूनच निवडतो. टिरो देवनागरी मराठीसारख्या फाँटमध्ये ती वळणे मुळातच असतात. लांब लेखांसाठी मी तोच घेतला.

आता तक्रारीची बाब. झाकण मिटून रात्रभर ठेवलेला लॅपटॉप सकाळी बॅटरीचा लक्षात येण्याजोगा भाग संपवून बसलेला असतो. अनेक नव्या लॅपटॉपांप्रमाणे यातही एस-३ ही जुनी, गाढ झोप नाही. तिच्या जागी जी अवस्था आहे, तिच्यात यंत्र अर्धवट जागेच राहते. हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून यंत्र बंद करणे, हा त्यावरचा नैसर्गिक उपाय, परंतु सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह स्वाक्षरी असलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना डेबियनचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लॉकडाउन या कडक बंधनांच्या अवस्थेत जातो आणि हायबरनेटला परवानगी देत नाही. सिक्युअर बूट बंद करावे की झोपेचा नाद सोडावा, या निवडीत मी दुसरा मार्ग पत्करला. दिवसा झाकण मिटतो, रात्री यंत्र पूर्ण बंद करतो. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात या विषयाचा उल्लेखही नसतो, आणि खरेदीपूर्वी विचारावा असा मला हाच प्रश्न सर्वांत पहिला वाटतो.

बॅटरीच्या आयुष्याबाबत मात्र समाधान आहे. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर थकते. लॅपटॉप बहुतांश वेळ टेबलावर चार्जरला जोडलेला असल्याने चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवणे हिताचे. डेबियन १३ सोबत येणाऱ्या जीनोम ४८ या डेस्कटॉपमध्ये ही सोय सेटिंग्जमध्येच आहे, अर्थात यंत्राने तिला साथ दिली पाहिजे. या यंत्राने ती दिली.

बॅकअपसाठी रेस्टिक हे साधन आहे: एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसरी दूरच्या सर्व्हरवर, दोन्ही एन्क्रिप्ट केलेल्या. महिन्यातून एकदा कोणताही एक जुना लेख त्यातून परत काढून पाहतो.

रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली आहे आणि ती वाढवता येणार नाही. संपादक, ब्राउझर आणि ह्यूगो एकत्र चालताना १६ जीबी आज सहज पुरते. ज्यांना याच यंत्रावर व्हर्च्युअल मशीन (यंत्रातच चालणारे आभासी संगणक) चालवून पाहायच्या आहेत, त्यांनी सुरुवातीलाच ३२ जीबीचा पर्याय घ्यावा आणि डिस्कवर काटकसर करावी, कारण डिस्क मागाहून बदलता येते.